ताईच्या शिदोरीत किती भाकरी? कॅलरींचा हिशोब घरच्या मापात

दिवाळीच्या सुट्टीत मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगावकडे ताईच्या घरी होते. वेचणीचे दिवस. पहाटे पाचला ताई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि नागपूरला शिकणारा भाचा पाटावर बसून मोबाइलमध्ये तिची माहिती भरत होता. वय ४५. वजन ४८ किलो. उंची त्याने आदल्या रात्रीच तिला दाराच्या चौकटीला उभं करून मोजली होती, १५० सेंटिमीटर. शेवटचा प्रश्न आला, "तुम्ही व्यायाम किती करता?" ताई म्हणाली, "मी कुठी व्यायाम करतो बाप्पा? मले टाइम कुठी हाय?" भाच्याने 'अजिबात नाही' हा पर्याय दाबला. उत्तर आलं: रोज १,२४० कॅलरी.

"माय, तू लय जास्त खाते," तो म्हणाला.

ताईने शिदोरीच्या फडक्यात बांधायच्या दोन भाकरींतली एक उचलली आणि परत टोपल्यात ठेवली.

त्या दिवशी तिने चाळीस किलोच्या आसपास कापूस वेचला. वावर घरापासून दोन किलोमीटर, जाणं-येणं पायी. संध्याकाळी घरी आल्यावर पाणी, जनावरं, स्वयंपाक. टोपल्यात परत गेलेली ती भाकर मला दिवसभर दिसत राहिली. भाच्याची आईवर माया आहे, तिच्या भल्यासाठीच तो विचारत होता, आणि ॲपचं गणितही तसं खोटं नव्हतं. तरी उत्तर चुकलं होतं. आता गावोगावी मुलांच्या मोबाइलवर ही ॲपं आली आहेत आणि घराघरांत असे आकडे निघू लागले आहेत. म्हणून हा हिशोब नेमका कसा मांडायचा, ते मुळापासून सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. यात पाचवीपुढचं गणित कुठेच नाही.

## कॅलरी म्हणजे काय?

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती एक कॅलरी. शास्त्राच्या पुस्तकात हिलाच किलोकॅलरी म्हणतात, बिस्किटाच्या पुड्यावरही तसंच छापलेलं असतं. रोजच्या बोलण्यातली कॅलरी तीच.

ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीत साधारण ३०० कॅलरी असतात. म्हणजे थंडीतल्या दहा लिटर पाण्याची बादली अंघोळीजोगी गरम करायला जेवढी उष्णता लागते, तेवढी त्या एका भाकरीत दडलेली आहे. चुलीत काडी जळते तसं शरीर अन्न जाळतं. फक्त ज्वाळा दिसत नाही, सगळं सावकाश आणि ३७ अंशांवर चालतं.

कोणत्या अन्नात किती कॅलरी, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी पद्धतशीर मोजलं. त्यांचे आकडे आजही चालतात. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर, ४ कॅलरी. एक ग्रॅम प्रथिन, ४. एक ग्रॅम तेल-तूप, ९. तेल दुपटीहून जड आहे, एवढं लक्षात राहिलं तरी पुढचा अर्धा हिशोब सोपा होतो.

## उभ्या ट्रॅक्टरचं डिझेल

ट्रॅक्टर बांधावर उभा आहे, पण इंजिन चालू आहे. नांगर लावलेला नाही, चाक फिरत नाही, तरी डिझेल जळतंच. आपलं शरीरही तसंच आहे. रात्री गाढ झोपेत हृदय चालतं, श्वास चालतो, मेंदू, यकृत, मूत्रपिंड राबत असतात, अंग गरम राहतं. या सगळ्याला जे लागतं त्याला आपण 'मूळ खर्च' म्हणू. डॉक्टर त्याला बीएमआर म्हणतात.

पुष्कळांना वाटतं की आपण काम करतो म्हणून आपल्याला अन्न लागतं. बैठं काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत खरी गोष्ट अशी की दिवसभरातल्या दहा भागांपैकी सात भाग हा मूळ खर्चच असतो. म्हाताऱ्या आजीला "दिवसभर बसून तर असते, तिला कशाला एवढं?" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग इंजिनाला नांगर लावला की डिझेल वाढतं. किती वाढतं ते कामावर अवलंबून. दिवसाची गरज काढायची ती अशी: मूळ खर्च गुणिले कामाचा गुणक. सगळी ॲपं आतून हेच करतात.

## मग ॲप कुठे चुकलं?

मूळ खर्चात नाही चुकलं. वजन, उंची आणि वयावरून तो काढायचं १९९० मध्ये मांडलेलं एक सूत्र, मिफ्लिन-सेंट जिओर, बहुतेक ॲपांत असतं. त्याने ताईचा मूळ खर्च साधारण १,०३० येतो. आपल्याकडे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणजे एनआयएन, भारतीयांसाठी आकडे ठरवते. तिच्या २०२० च्या आकड्यांवरून काढला तरी ताईच्या वजनाला तेवढाच येतो.

चूक झाली ती पुढच्या पायरीला. भाच्याने 'व्यायाम नाही' दाबलं आणि ॲपने १.२ ने गुणलं. हा गुणक जवळजवळ दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा. एनआयएनचे गुणक असे आहेत: बैठं काम १.४, मध्यम काम १.८, जड काम २.३. शेतमजुरी त्यांच्या परंपरागत वर्गवारीत मध्यम कामात धरतात. दगड फोडणं, लोहारकाम, लाकूडतोड ही जड कामं.

व्यायाम हा शब्दच मुळात शहरातल्या खुर्चीवरच्या माणसासाठी आहे. त्याचं काम आणि त्याचे श्रम वेगळे असतात, म्हणून श्रमासाठी त्याला संध्याकाळी वेगळा वेळ काढावा लागतो. ताईचं कामच श्रम. ॲपने "दिवसभरात काय काम करता?" असं विचारलं असतं, तर ताईने बरोबर उत्तर दिलं असतं. त्याने व्यायाम विचारला आणि तिने खरं तेच सांगितलं.

## तीस, चाळीस, पन्नास

सूत्रं बाजूला ठेवा. एनआयएनचे आकडे किलोमागे काढून पाहिले की एक सोपा हिशोब हाती लागतो. आपलं वजन किलोत घ्या आणि कामाप्रमाणे गुणा:

बैठं काम असेल तर ३० ने.
मध्यम काम, म्हणजे निंदण, वेचणी, सोंगणी, गवंडीकाम असेल तर ४० ने.
खरंच जड काम, म्हणजे विहीर खोदणं, दिवसभर कुदळ-फावडं, लाकूड फोडणं असेल तर ५० ने.

पुरुषांना दोन-तीनने जास्त धरा, ३२, ४२, ५३ असं. कारण पुरुषाच्या शरीरात त्याच वजनाला स्नायू जास्त असतात आणि स्नायू चरबीपेक्षा जास्त जाळतात.

एनआयएनचा स्वतःचा आकडा असा आहे: ५५ किलोच्या बाईला बैठ्या कामात १,६६०, मध्यम कामात २,१३०, जड कामात २,७२० कॅलरी. ६५ किलोच्या पुरुषाला अनुक्रमे २,११०, २,७१० आणि ३,४७०. तीस-चाळीस-पन्नासने गुणून बघा, जवळपास तेच उत्तर येतं.

वजन फार वाढलेलं असेल तर चालू वजनाने गुणू नका. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, मग २२ ने गुणा. १६५ सेंटिमीटर उंचीला १.६५ × १.६५ × २२, म्हणजे ६० किलो. हे त्या उंचीला साजेसं वजन. गुणायचं ते याला.

लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना हा हिशोब लावायचा नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणात मोठा बदल करू नये. गोळी तेवढीच आणि जेवण अचानक कमी झालं तर साखर धोक्याइतकी खाली येते.

आता ताई. ४८ × ४० = १,९२०. पण वेचणीच्या आधी आणि नंतर घरचं जे काम आहे ते कुठल्याच मजुरीत मोजलेलं नाही. म्हणून मी तिच्यासाठी ४५ पर्यंत जाते: २,१६०. भाच्याच्या मोबाइलमधल्या आकड्याहून ९२० ने जास्त. तीन भाकरींचा फरक.

## भाकर काट्यावर

"पण एका भाकरीत ३०० हे कशावरून?" भाच्याने विचारलं. रास्त प्रश्न होता. मग शेजारच्या किराणा दुकानातून छोटा इलेक्ट्रॉनिक काटा अर्ध्या तासासाठी मागून आणला. ताईला म्हटलं, तू रोजच्यासारखं पीठ घे, बाकी मी बघते. तिने डब्यातून ओंजळीने पीठ कोपरात, म्हणजे परातीत घेतलं. मी ते कोपरासकट काट्यावर ठेवलं आणि कोपराचं वजन वजा केलं. ९२ ग्रॅम. पुढच्या भाकरीला ८८. तिसरीला परत ९०. तीस वर्षांचा हात आहे तो, काट्याला चार ग्रॅमहून जास्त फरक सापडला नाही.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३५ कॅलरी असतात. ९० ग्रॅमची भाकर म्हणजे ३००. मोजायचं ते कोरडं पीठ. भाजलेली भाकर मोजली तर तिच्यात पाणी असतं आणि हिशोब बिघडतो. भाताचंही तसंच. तांदूळ कोरडा मोजा, शंभर ग्रॅमला ३५० धरा. शिजल्यावर तो अडीच-तीनपट फुगतो, त्या फुगण्यात फक्त पाणी असतं.

बाकीची मापं एकदा पाठ झाली की काट्याची गरज उरत नाही. डाळी आणि बेसन, शंभर ग्रॅमला ३४० ते ३६०. तेलाचा छोटा चमचा, ४५. साखरेचा छोटा चमचा, २०. मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम, १७०. जवसाच्या चटणीचे दोन चमचे, ५० च्या आसपास. पालेभाजी, वांगी, भेंडी यांत स्वतःच्या कॅलरी नगण्य. जे असतं ते फोडणीतल्या तेलात.

तेल चमच्याने मोजणं घरात कोणाला जमत नाही. त्याला दुसरी युक्ती आहे: महिन्याचा कॅन बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल जात असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम होतं, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी. एनआयएनने २०२४ साली मांडलेल्या २,००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. कॅन कधी फोडला ती तारीख त्याच्यावर पेनाने लिहून ठेवा.

## ताईचा दिवस, कागदावर

तिने आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवून आठवून सांगितलं. मी वहीत लिहीत गेले.

चहा तीन वेळा, दोन-दोन चमचे साखर आणि थोडं दूध: २१०. वावरात दुपारी दोन भाकरी, चून (पिठलं), कांदा, ठेचा. भाकरींचे ६००, चुनाचे बेसन आणि तेल धरून १८०, बाकी २०: एकूण ८००. रात्री एक भाकर, पातळ वरण, थोडा भात, वांग्याची भाजी: ६८०. सगळं मिळून १,६९०.

लागतात १,९२० ते २,१६०. म्हणजे दोन भाकरींवर शिदोरी असतानाही ती रोज सव्वादोनशे ते पावणेपाचशे कॅलरी कमी खात होती. आणि त्यातली एक भाकर मोबाइलवरच्या आकड्याने काढून घेतली होती. मग दिवस उरतो १,३९० वर.

मी विचारलं, "भूक लागत नाही का गं?" ती म्हणाली, "लागते ना. पण सारे जेवले का मंग पाह्यतो. उरलं त खातो." हे वाक्य आपल्याकडे हजार घरांत रोज म्हटलं जातं. वर्षातलं सगळ्यात जास्त श्रमाचं काम ज्या महिन्यांत, त्याच महिन्यांत घरची बाई सगळ्यात घाईत आणि सगळ्यात शेवटी जेवते. गेली काही वर्षं ताई वेचणीच्या सुरुवातीला ४८ असते आणि शेवटी ४५-४६ वर येते. घरातल्यांना वाटायचं, वेचणीत बाया बारीक होतातच.

## आणि भाऊजींचं ताट

त्याच घरात भाऊजींचा हिशोब नेमका उलटा निघाला. उंची १६५, वजन ७४. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते बैलांमागे दिवसदिवस डवरा धरायचे. आता नांगरटी ट्रॅक्टरने होते, सोयाबीन यंत्रात निघतं, फवारणीला बॅटरीचा पंप आहे, वावरात जायला मोटरसायकल. पाठीचे हाल थांबले, हे फार चांगलं झालं. पण ताट त्या काळातलंच राहिलं.

साजेसं वजन ६० किलो, गुणिले ३२: १,९२०. आणि बघा, हा आकडा ताईच्या आकड्याएवढाच आहे किंवा तिच्यापेक्षा कमी! भाऊजी दिवसाला चार भाकरी खातात, १,२००. चहा सहा वेळा, ४२०. इथेच १,६२० झाले. अजून चून, वरण, भात, भाजी आणि बसस्टँडवरचे तर्री-पोहे यायचे आहेत.

त्यांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक भाकर कमी आणि प्रत्येक चहात दोनऐवजी एक चमचा साखर. भाकरीचे ३०० आणि साखरेचे १२०, मिळून ४२०. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. रोज ४२० कमी पडले, तर ढोलीतलं धान्य काढावं तसं शरीर ते चरबीतून काढतं. सुरुवातीला महिन्याला दीड किलोच्या आसपास वजन उतरतं, पुढे वेग मंदावतो.

## "आमच्या आजीने कुठे कॅलरी मोजल्या होत्या?"

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आजीने कॅलरी हा शब्द ऐकला नसेल, पण मोजमाप तिच्या घरात होतं. सालदाराशी बोलणी होताना पैशांबरोबर महिन्याची ज्वारी ठरायची. काम किती, खाणारी तोंडं किती, यावरच ती ठरे. आजीला मोजावं लागलं नाही, कारण काम पिढ्यान्‌पिढ्या तेच होतं आणि जेवणही. आता एकाच घरात एक माणूस मोटरसायकलवर आहे, एक पराटीत, म्हणजे कपाशीत वाकलेली आहे आणि एक कॉलेजात बसलेला आहे. तिघांना एकच ताट कसं चालेल?

सरकारही मोजतंच. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात माणशी रोज २,२५० कॅलरी हे माप धरलं होतं. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतीगटाने दारिद्र्यरेषेसाठी खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० धरले. खेड्यात जास्त का, हे आता सांगायला नको. शाळेतल्या खिचडीलाही माप आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम.

रेशनचं गणित तर प्रत्येकाने एकदा करून बघावं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. रोजचे १६७ ग्रॅम, म्हणजे साधारण पावणेसहाशे कॅलरी. वेचणाऱ्या बाईच्या दिवसाच्या गरजेचा फार तर तिसरा हिस्सा. उरलेलं वावरातून किंवा मजुरीच्या पैशातून यावं लागतं. म्हणून ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी पहिली कात्री कोणाच्या ताटाला लागते, ते बघावं.

## "जेवढं कमी खाल तेवढं बरं ना?"

नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सहा महिने त्यांना रोज सरासरी १,५७० कॅलरींवर ठेवलं आणि भरपूर चालायला लावलं. वजन जवळपास पाव हिश्शाने घटलं. पण त्याबरोबर त्यांना सतत थंडी वाजू लागली, ताकद गेली, चिडचिड वाढली, मनात अन्नाशिवाय दुसरा विचार राहिला नाही. आणि मूळ खर्चच घसरला.

दुष्काळात घर खर्च आवरतं तसं शरीर करतं. आधी सणवार बंद, मग दुरुस्त्या बंद, मग दिवाही लवकर मालवायचा. शरीर अंग गरम ठेवणं कमी करतं, स्नायू जाळायला काढतं, पाळी अनियमित होते. १,२०० वर उतरलेल्या मुलींचं वजन काही आठवड्यांनी अडतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. कमी करायचंच असेल तर गरजेतून ३०० ते ५०० कमी करा, त्याहून जास्त नको.

## "मी तर बारीक आहे, मला काय करायचं?"

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय शरीर जगासमोर मांडलं. त्यांचा आणि इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. पण चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हे रोज दिसतं. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली असेल, तर वजन कितीही कमी असो, बैठ्या माणसाचाच आकडा धरा आणि साखर-तेल आवरा.

## "उन्हाळ्यात घाम गाळला की चरबी वितळते का?"

मे महिन्यात ४५ अंशांत नुसतं सावलीत बसलं तरी अंग भिजतं. तो घाम म्हणजे पाणी आणि मीठ. काट्यावर उतरलेलं वजन दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. घामाने अंग थंड होतं, त्यासाठी चरबी जळत नाही.

## आकडा भरला, पण ताट?

कॅलरी हे इंधन झालं. इंजिनाचे सुटे भाग कशाने बनतात, ते त्यातून कळत नाही. ताईला पोटभर साखरेचा चहा आणि बिस्किटं देऊनही २,१६० भरता येतील. प्रथिनं किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे तिला ४० ग्रॅम. भाकरी आणि डाळीतून आकड्यात ती भरतात, पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असतो. भाकरीबरोबर चून ही जोडी त्यामुळेच पक्की आहे. २,००० कॅलरींच्या ताटात एनआयएनने डाळी ८५ ग्रॅम धरल्या आहेत. ताईच्या ताटात बेसन आणि तूर मिळून ५५. ज्या यवतमाळ जिल्ह्यात वावरावावरात तूर उभी असते, तिथे वरण पातळ होत चाललंय, याचं मला फार वाईट वाटतं. पावसाळ्यात तरोटा, नंतर अंबाडी, घोळ या भाज्यांत कॅलरी जवळजवळ नसतात, पण लोह आणि बाकी खनिजं असतात. त्या हिशोबाबाहेर ठेवा, ताटाबाहेर नको.

गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात, बाळंत झाल्यावर पहिले सहा महिने ६००. आपल्या भाषेत, पोटात बाळ असताना एक भाकर आणि वर वाटीभर वरण. बाळ अंगावर पीत असताना दोन भाकरी. काही घरांत "जास्त खाशील तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल" असं सांगून पोरीचं जेवण कमी करतात. कृपा करून तसं करू नका.

## आकडा बरोबर आला, हे कसं कळणार?

कोणत्याही सूत्राचं उत्तर एखाद्याच्या बाबतीत दहा टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होतं. १,९२० म्हणजे १,७५० ते २,१०० यातलं काहीही. म्हणून एकेका कॅलरीमागे लागू नका. काढलेल्या आकड्याप्रमाणे दोन-तीन आठवडे जेवा. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खायच्या आधी, एकाच काट्यावर वजन करा. उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत काटा असतो. वजन नको असताना उतरत असेल तर २०० वाढवा, नको असताना चढत असेल तर २०० कमी करा.

आणि वर्षातून निदान दोनदा आकडा नव्याने काढा. डवरणी-निंदण सुरू झालं की एकदा, आणि होळीनंतर वावर मोकळं झालं की एकदा. मधल्या रिकाम्या महिन्यांत ताईलासुद्धा ४५ ने नाही, ३० किंवा ३५ ने गुणायचं आहे.

त्या दिवशी संध्याकाळी भाच्याने वहीतली बेरीज स्वतः दोनदा करून पाहिली. मग तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने आईच्या आधी उठून चूल पेटवली. शिदोरीत तीन भाकरी बांधल्या, एका कागदात मूठभर शेंगदाणे. ३०० आणि १७०, ताईच्या १,६९० मध्ये मिळवा.

संक्रांतीला मी परत गेले तेव्हा वेचणी संपत आली होती. उपकेंद्रात ताईला काट्यावर उभी केली. ४८.